'दम लागेल असे श्रम करू नयेत' म्हणजे नेमकं काय? (आरोग्य साक्षरता आणि आपली हालचाल)

सांजवारा

बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

वडिलांची अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि चौथ्या दिवशी ते घरी आले. सोबत दोन पानी छापील सूचना. त्यात एक ओळ होती: "दम लागेल असे कोणतेही श्रम करू नयेत." बाबांनी ती पेन्सिलीने अधोरेखित केली आणि तंतोतंत पाळली. घरातल्या जिन्याच्या सहा पायऱ्या चढल्या, श्वास जरा वाढला, की "हा बघ, दम" म्हणून खाली बसायचे. आधी जिना बंद झाला, मग बाहेरची फेरी, मग पलंगापासून खुर्ची आणि खुर्चीपासून पलंग एवढंच उरलं.

तीन महिन्यांनी तपासणीला गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "रोज किती चालता?" बाबा म्हणाले, "तुम्हीच तर नको म्हणालात." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी कागदाकडे. दुसऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात "चालणे हळूहळू वाढवावे" असंही होतं. कुठून सुरू करायचं, किती वाढवायचं, कुठे थांबायचं, काही नाही.

आता बाबा काही अडाणी नाहीत. उभा जन्म लेखापरीक्षणात गेलाय, ताळेबंदातला एक आकडा इकडचा तिकडे झाला तर रात्रभर झोपायचे नाहीत. तेव्हा 'साक्षरता कमी पडली' म्हणायचं तर कोणती?

या विषयावर वाचायला घेतलं तर 'आरोग्य साक्षरता' हा शब्द सगळीकडे दिसला. २०१२ च्या एका बऱ्याच वापरल्या जाणाऱ्या व्याख्येत तिचे चार भाग आहेत: आरोग्याची माहिती मिळवणं, ती समजणं, ती पारखणं आणि ती वापरणं. बाबांचं पहिलं झालं. दुसरं झालंय असं वाटलं होतं, ते झालं नव्हतं. तिसऱ्या-चौथ्यापर्यंत गाडी गेलीच नाही.

प्रश्न असा: ज्यांची ही साक्षरता चांगली असते ते खरंच जास्त हालचाल करतात का? की आपल्यासारखे लोक बसल्या जागी व्यायामाबद्दल फक्त वाचत राहतात?

शेवटचा_बाक

शेवटच्या प्रश्नाचा जिवंत पुरावा म्हणून हजर आहे.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस तोंडपाठ: प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं तीव्र हालचाल, वर दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. पासष्टीपुढच्यांनी तीन दिवस तोल सांभाळायचेही. कोणीही झोपेतून उठवून विचारा. पण झोपेतूनच उठवावं लागेल. मनगटावरचं घड्याळ दर तासाला थरथरतं, 'उठा'. मी उठतो आणि घड्याळ चार्जिंगला लावून परत बसतो.

हलके घ्या. पण बाबांचं वाचून खरंच वाईट वाटलं.

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट आहे, त्यामुळे हा धागा म्हणजे रोजचाच दिवस.

सांजवारा, बाबांचं चुकलं असं मला वाटत नाही. 'दम' या शब्दाचे किमान तीन अर्थ लोक करतात. श्वास नुसता वाढणं हा एक. बोलता न येण्याइतका श्वास लागणं हा दुसरा. छातीत गच्च वाटून जीव घाबरणं हा तिसरा. सूचना लिहिणाऱ्याच्या डोक्यात बहुधा दुसरा-तिसरा होता, वाचणाऱ्याने पहिला घेतला. आणि श्वास वाढणं तर हवंच आहे! मध्यम हालचालीची खूणच ती. आमच्याकडे साधी परीक्षा आहे: चालताना बोलता येतंय पण गाता येणार नाही, तर वेग मध्यम. दोन-चार शब्दांनी थांबून श्वास घ्यावा लागतोय, तर तीव्र. याला ना यंत्र लागतं ना मोबाईल.

जाता जाता, बाबांना हृदयाचे ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असेल (बीटा ब्लॉकर), तर घड्याळातले ठोके बघून वेग ठरवू नका. ठोक्यांची कमाल मर्यादा काढायचं '२२० वजा वय' हे सूत्र तिथे लागू पडत नाही, कारण गोळीच ठोके वाढू देत नाही. बोलण्याची परीक्षा बरी.

दुसरं, "समजलं का?" या प्रश्नाइतका निरुपयोगी प्रश्न आमच्या धंद्यात दुसरा नाही. सगळे मान डोलावतात. गुडघ्याच्या दुखण्यासाठी येणाऱ्या एका काकूंना मी पाय सरळ उचलायचा व्यायाम दिला होता, "दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा". पुढच्या आठवड्यात गुडघा सुजवून आल्या. काकूंनी साधा हिशेब केला होता, दहा त्रिक तीस, आणि सकाळी एका दमात तीस उरकून मोकळ्या होत होत्या. "एकदाचं झालं की दिवसभर कटकट नाही." तेव्हापासून मी विचारते, "काकू, उद्या सकाळी उठल्यावर काय काय कराल ते मला करून दाखवा." दोन मिनिटं जास्त जातात. पण त्या दोन मिनिटांत कळतं की मी काय बोलले आणि समोरच्याने काय ऐकलं.

डॉन नटबीम या अभ्यासकांनी २००० साली आरोग्य साक्षरतेच्या तीन पायऱ्या मांडल्या होत्या. पहिली वाचण्या-समजण्यापुरती. दुसरी संवादाची, म्हणजे प्रश्न विचारता येणं, आपल्या परिस्थितीला लावून बघता येणं. तिसरी चिकित्सेची, म्हणजे मिळालेली माहिती पारखून घेता येणं. बाबांची पहिली पक्की आहे. ते दुसरीत अडकले. तीन महिन्यांत एक फोन करून "जिना चढू का?" एवढं विचारायला हवं होतं. पण फोन करून विचारायचं असतं, विचारलं तर चालतं, हे तरी त्यांना कोणी सांगितलं होतं?

मुंगी

वाचतेय. सांधेजोड, 'करून दाखवा' हे फार आवडलं.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो. साक्षरता जास्त तर हालचाल जास्त, असं अभ्यासांत दिसतं का? बहुतेक वेळा हो. या विषयावरचे अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यांत कल त्याच बाजूचा आहे. पण नाचायला लागण्याआधी तीन गोष्टी.

एक, मोजता काय? 'आरोग्य साक्षरता' या एकाच नावाखाली भलत्याच वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. एका जुन्या चाचणीत वैद्यकीय ६६ शब्द मोठ्याने वाचायला देतात, उच्चार बरोबर आला की गुण. दुसरीत आइस्क्रीमच्या डब्यावरचं लेबल हातात देऊन सहा प्रश्न विचारतात. युरोपातल्या आठ देशांत २०११ साली वापरलेल्या ४७ प्रश्नांच्या यादीत माणसालाच विचारतात, 'अमुक माहिती मिळवणं तुम्हाला किती सोपं वाटतं?' म्हणजे एकीत जीभ मोजली, दुसरीत गणित, तिसरीत आत्मविश्वास. सांजवारांचे बाबा पहिल्या दोन्हींत पैकीच्या पैकी घेतील. मग कोणी म्हणेल, साक्षरता उत्तम आणि हालचाल शून्य, तेव्हा संबंध नाही!

दोन, हालचाल कशी मोजता? बहुतेक ठिकाणी 'गेल्या सात दिवसांत किती चाललात' असं विचारूनच. लोक खोटं बोलतात असं नाही, पण आठवणीतलं चालणं पायांतल्या चालण्यापेक्षा बरेचदा लांब असतं. अमेरिकेत प्रौढांच्या कमरेला यंत्रं बांधून मोजलं तेव्हा शिफारशीइतकी हालचाल करणारे ५ टक्क्यांहून कमी निघाले (२००८ चा शोधनिबंध). तोंडी सांगणारे त्याच्या कितीतरी पट होते. आणि गंमत बघा, शिफारस काय आहे हे ज्याला ठाऊक आहे, तोच तिच्या जवळपासचं उत्तर देणार. म्हणजे साक्षरतेने हालचाल वाढली की नुसतं उत्तर वाढलं, हे विचारून कळत नाही.

तीन, कोण कोणामुळे? बरेचसे अभ्यास एकाच वेळी दोन्ही गोष्टी मोजतात. शिक्षण, वय, मिळकत, आधीची दुखणी ही सगळी मंडळी दोन्हीकडे हात घालून उभी असतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ज्येष्ठांवर झालेल्या एका अभ्यासात कमी साक्षरता असलेले लोक जास्त बैठे दिसले खरे, पण वय, शिक्षण वगैरे बाजूला काढल्यावर तो फरक टिकला नाही. उलटही होतं: माणूस आधी चालायला लागतो आणि मग त्याबद्दल वाचायला लागतो.

थोडक्यात, संबंध आहे, मात्र 'माहिती द्या, लोक चालतील' असा सरळ नाही.

निवडुंग

एवढी घासाघीस कशाला? आमच्या पिढीला यातला एक शब्द ठाऊक नव्हता आणि आम्ही चालत होतो. काम होतं म्हणून चालत होतो.

लंडनच्या बसवाल्यांचं उदाहरण घ्या. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने १९५३ मध्ये दाखवून दिलं की दुमजली बसमध्ये दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. त्या कंडक्टरांनी कुठली पुस्तकं वाचली होती? जिना होता, चढले. साक्षरतेचं कौतुक तुम्हा लोकांना, कारण तुमच्या आयुष्यातून जिना गेला.

आकडेमोड

निवडुंगकाका, मुद्दा जबरदस्त आहे, शेवटचं वाक्य तर चौकटीत लावावं. पण त्या गोष्टीचा उत्तरार्ध त्याहून मजेदार आहे. मॉरिस यांच्या चमूने १९५६ मध्ये त्याच बसवाल्यांच्या गणवेशांची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या विजारी कंडक्टरांपेक्षा कमरेत मोठ्या होत्या, आणि तरुण वयोगटातही तसंच दिसलं. म्हणजे जिन्याने कंडक्टर सडपातळ झाले, की मुळात जाडजूड माणसं ड्रायव्हर झाली? स्वतःच्याच गाजलेल्या निष्कर्षावर स्वतःच शंका घेऊन शिंप्याच्या मापांपर्यंत जायचं, याला मी चिकित्सक साक्षरता म्हणेन. (पुढे इतर अनेक अभ्यासांतून हालचालीचा फायदा सिद्ध झालाच, तेव्हा कोणी बसल्या जागी खूश होऊ नये. बाक, तुमच्याबद्दल बोलतोय.)

शेवटचा_बाक

खूश झालोच होतो.

रातराणी

निवडुंगकाकांशी अर्धी सहमत. पण 'काम होतं म्हणून चालत होतो' हे ऐकायला छान वाटतं. मी रात्रपाळीत काम करते. बारा तास उभी, वर-खाली, उचल-ठेव. घड्याळात पावलं भरपूर पडतात. सकाळी घरी येते तेव्हा अंग ताजंतवानं नसतं, ठेचून काढल्यासारखं असतं. कामावरची अशी जड, न थांबणारी मेहनत आणि स्वतःच्या वेळात, स्वतःच्या मर्जीने केलेला व्यायाम यांचा शरीरावरचा परिणाम एकसारखा नसतो, असं संशोधकही म्हणू लागले आहेत. मला ते वाचायची गरज नव्हती.

मला सगळं माहीत आहे हो. किती मिनिटं, कुठले स्नायू, सगळं. २०११ मध्ये मांडलेला वागणुकीचा एक आराखडा मी प्रशिक्षणात शिकले होते: कुठलीही सवय लागायला क्षमता, संधी आणि इच्छा तिन्ही लागतात. साक्षरता म्हणजे त्यातला पहिला खांब, तोही अर्धा. माझ्याकडे पहिला आहे. तिसरा सुट्टीच्या दिवशी असतो. दुसऱ्याचा पत्ता नाही. आणि पत्रक देणारे दर वेळी पहिलाच खांब रंगवून जातात.

२०२२ च्या आकड्यांनुसार जगातले ३१ टक्के प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, २०१० मध्ये हेच प्रमाण २६ च्या आसपास होतं. मधल्या काळात जगात माहिती कमी झाली का? प्रत्येकाच्या खिशात आली.

सांधेजोड

रातराणी, +१००. 'यांना समजत नाही म्हणून हे करत नाहीत' हा आमच्या लोकांचा आवडता आरोप आहे. स्वस्त पडतो.

तरी पहिल्या खांबाची थोडी बाजू घेते, कारण त्यातला एक तुकडा खरंच काम करतो असा माझा अनुभव आहे. व्यायाम का करावा हे सगळ्यांना ठाऊक असतं, ते परत सांगून काही हलत नाही. अडतं ते मध्येच. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या, हे बरं की वाईट? गुडघ्यात कट्ट वाजलं, थांबू का? आज सर्दी आहे, चालू का? चार दिवस खंड पडला, पहिल्यापासून सुरू करू का? ही उत्तरं ज्याच्याकडे आहेत तो टिकतो. ज्याच्याकडे नाहीत तो पहिल्या दुखण्याला घाबरून थांबतो, आणि आपण त्याला आळशी म्हणतो. नवा व्यायाम केल्यावर एक-दोन दिवसांत स्नायू दुखणं आणि आपोआप ओसरणं हे नेहमीचं. सांधा सुजला, एकाच जागी टोचतंय, दिवसागणिक वाढतंय, तर थांबून दाखवायचं. एवढा फरक जरी कळला तरी निम्मी माणसं परत येतात. (हा 'निम्मी' माझ्या खोलीतला अंदाज आहे, आकडेमोड, तलवार म्यान करा.)

सांजवारा, बाबांच्या बाबतीत मात्र थांबायच्या खुणा वेगळ्या आणि पक्क्या हव्यात: छातीत दाब किंवा दुखणं, ते हातात, जबड्यात जाणं, गरगरणं, थंड घाम, ठोके वेडेवाकडे पडणं. यांपैकी काहीही झालं तर थांबायचं आणि लगेच मदत बोलवायची. चालण्याचा वेग नि मुदत त्यांच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या, आणि हृदयरुग्णांसाठी देखरेखीखालच्या व्यायामाचा कार्यक्रम असतो, तो मिळतोय का तेही विचारा. नुसता धागा वाचून सुरू करू नका.

मुंगी

एक बाळबोध प्रश्न. दहा मिनिटांपेक्षा कमी चाललं तर ते धरत नाहीत ना? मी म्हणून चार-पाच मिनिटांसाठी उठतच नाही.

आकडेमोड

बाळबोध अजिबात नाही, हा तर धाग्याचा गाभा आहे. २०१० च्या शिफारशीत तसं होतं: एका वेळी किमान दहा मिनिटं. २०२० मध्ये ती अट काढून टाकली. आता दोन मिनिटांचा जिनाही जमेत. म्हणजे तुम्ही नियम नीट वाचला होता, लक्षात ठेवला होता, पाळतही होतात, आणि तोच तुम्हाला बसवून ठेवत होता. एकदा मिळालेली साक्षरता शिळी होते.

तसंच १०,००० पावलांचं. हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात एक पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', अर्थ सरळ 'दहा हजार पावलांचं मापक'. नाव चाललं, आकडा चिकटला. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार स्त्रियांवरचा अभ्यास आला. दिवसाला २,७०० पावलांच्या आसपास असणाऱ्यांपेक्षा ४,४०० वाल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या पुढे फायद्याची रेषा सपाट होत गेली. इथेही कारण-परिणामाच्या शंका आहेतच. पण ज्या आजींना कोणीतरी 'दहा हजार' सांगून घाबरवलंय आणि ज्या तीन हजारांवर हताश होऊन बसल्यात, त्यांना ही रेषा दाखवायला काय हरकत आहे?

मुंगी

धन्यवाद. उठते. खरंच उठते.

निवडुंग

बघा, एका ओळीने बाई उठल्या. माझं म्हणणं अर्धं मागे घेतो. अर्धंच.

पण त्या कागदाचं काय? बाबांची साक्षरता मोजायला सहा-सहा प्रश्न आहेत, ज्याने ती ओळ लिहिली त्याची कोणी मोजली? 'हळूहळू वाढवावे' हे मराठी वाक्य आहे की सुस्कारा? मला विचाराल तर परीक्षा कागदाची घ्या. पाच माणसांना वाचायला द्या आणि उद्या काय करणार ते विचारा. पाच जणांनी पाच उत्तरं दिली तर कागद नापास.

रातराणी

काका, हे वाक्य आमच्या इथे भिंतीवर चिकटवणार आहे. नाव घालू की नको?

निवडुंग

काटे घालून लावा.

सांजवारा

सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी येतेय.

डॉक्टरांशी बोललो. या वेळी बाबा प्रश्न लिहून घेऊन गेले होते, अकरा प्रश्न, क्रमांक घालून. डॉक्टरांनी सपाट रस्त्यावर पाच-सहा मिनिटांपासून सुरुवात करायला सांगितली, थांबायच्या खुणा लिहून दिल्या आणि देखरेखीखालच्या कार्यक्रमासाठी नाव घातलं, ते पुढच्या महिन्यात सुरू होईल.

बाबांनी वही केलीय. रकाने आखून: तारीख, मिनिटं, 'वाक्य पूर्ण झालं का'. हा तिसरा रकाना सांधेजोड यांच्या परीक्षेतून आला. चालताना दर दोन मिनिटांनी ते मोठ्याने म्हणतात, "मी हे वाक्य मध्ये न थांबता पूर्ण म्हणतो आहे." पहिल्या दिवशी शेजारचे बाहेर येऊन बघत होते. पहिली नोंद ६ मिनिटं, कालची ११. जिना परवापासून सुरू, सहाच पायऱ्या, पण वरच्या पायरीवर उभं राहून वाक्य म्हटलं आणि मग खाली माझ्याकडे असं बघितलं की जणू हिशेब जुळला.

एक दिवस 'नाही' आलंय. त्या दिवशी उशिरा निघाले आणि भरभर चालले. बाबांनी समोर लाल पेन्सिलीने खूण केली आहे आणि आता त्यांचा एक आक्षेप आहे, तो तुमच्यापर्यंत पोचवायला सांगितलाय: "वाक्य म्हणजे किती शब्दांचं, ते कुठेही नमूद नाही."

सांधेजोड

बाबांचा आक्षेप मान्य. आमच्या पत्रकातही ते नमूद नाही. आठ ते दहा शब्दांचं धरा, त्यांचं सध्याचं वाक्य नऊ शब्दांचं आहे, चालेल. आमचं पत्रक पुन्हा छापायला जायचंय. आधी कच्चा कागद पाठवते, त्यांना म्हणावं लाल पेन्सिल तयार ठेवा.